इंधन कोणते, आणि कोणाचे?

उलंगवाडी झाली की वर्धा जिल्ह्यातील वावरांतून पऱ्हाट्या उपटण्याचे काम सुरू होते. ज्याचे वावर असते तो पुष्कळदा त्या धुऱ्यावर रचून पेटवून देतो. ज्याला वावर नाही त्याच्या घरची बाई त्यांचे भारे बांधून डोक्यावरून घरी आणते आणि पुढचे कित्येक महिने तिची चूल त्यावर पेटते. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव (मेघे)ची नोंद २०११ च्या जनगणनेने नागरी वस्ती म्हणून केली. पण शहर आणि वावर यांच्या सीमेवरील अशा वस्त्यांत गॅसची शेगडी व सरपणाची चूल आजही शेजारी शेजारी नांदतात.

या फुकटच्या पऱ्हाटीला आता गिऱ्हाईक आले आहे. कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशाबरोबर शेतातील अवशेषांपासून केलेले इंधनही काही प्रमाणात जाळावे, असे बंधन केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये घातले. पऱ्हाटीचा भुगा करून, तो दाबून त्याच्या कांड्या किंवा गोळ्या करण्याचे तंत्र उपलब्ध आहे. ‘पांढरा कोळसा’ या नावाने असा माल बाजारात विकला जातो, आणि पर्यावरणाला पोषक असा नवा उद्योग म्हणून त्याचे कौतुकही होते. हे कौतुक सर्वस्वी अस्थानी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पर्यायी इंधनाची परीक्षा केवळ त्याच्या धुरावरून करण्याची जी पद्धत पडली आहे, ती अपुरी आहे. ते इंधन आजवर कोणाच्या चुलीत जात होते आणि उद्या त्याचे पैसे कोणाच्या हातात पडणार, हे प्रश्न विचारल्यावाचून ती परीक्षा पुरी होत नाही.

हे प्रश्न वर्ध्यातून विचारले जावेत हे उचितच होय. वर्धा हे नाव इंधनाच्या इतिहासात दोन ठिकाणी येते. एक, चंद्रपूर-यवतमाळकडील कोळशाच्या पट्ट्याला ‘वर्धा खोरे’ असे नाव आहे. याच प्रदेशातील चंद्रपूरची गणना २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली. दुसरे, वर्धा शहरातील मगनवाडी. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे कार्य जमनालाल बजाज यांनी दिलेल्या या जागेतून चालले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार झाले. सुधारलेला तेलघाणा, रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप, धूर बाहेर काढणारी मगन चूल ही या संस्थेची कामगिरी. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये कुमारप्पांनी निसर्गाच्या ठेवी आणि निसर्गाचे चालू उत्पन्न यांत भेद केला. कोळसा आणि खनिज तेल या ठेवी. त्या संपणार, आणि संपत असताना त्यांच्यासाठी युद्धे होणार. जगाने १९७३ साली तेलाच्या भाववाढीचा पहिला मोठा तडाखा खाल्ला, त्याच्या कितीतरी आधीचे हे विवेचन आहे.

परंतु याच कुमारप्पांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसच्या शेतीसुधारणा समितीने १९४९ साली आपला अहवाल दिला, याचा विसर पुढे सोयीस्करपणे पडला. ग्रामोद्योगाचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नापासून तोडता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. नंतरच्या सरकारी योजनांनी त्यांची साधने तेवढी उचलली आणि जमिनीचा प्रश्न बाजूला ठेवला. पर्यायी इंधनांचे आजवरचे अनुभव तपासले तर त्यांच्या अपयशाचे मूळ वारंवार येथेच सापडते.

गोबरगॅसचे उदाहरण घ्या. शेणापासून गॅसही मिळतो आणि खतही शिल्लक राहते, म्हणून हे साधन निर्दोष वाटते. पण दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. ज्याच्याकडे जनावरे त्याच्याकडे अनुदान गेले. शिवाय रानात, रस्त्यावर पडलेले शेण वेचून गोवऱ्या थापणाऱ्या बाईला जे फुकट मिळत होते, त्याला किंमत आली. गावातील सुखवस्तू घराची चूल धूररहित झाली आणि गरीब घराची चूल थंडावली, असा आक्षेप १९७० च्या दशकातच अभ्यासकांनी घेतला होता. त्याचे उत्तर सामुदायिक संयंत्र हे होते; तेही सहज साधले नाही. कर्नाटकातील पुरा या लहानशा गावी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसा प्रयोग केला. सर्व चुलींना पुरेल इतका गॅस मिळेना, तेव्हा १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून घरोघरी दिवे आणि नळाचे पाणी देण्यात आले. जो शेण आणून देई त्याला त्याचा मोबदला मिळे आणि खतही परत मिळे. गावाची निकड ओळखून, लाभ सर्वांपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था केल्यावरच तो प्रयोग काही वर्षे टिकला. यंत्र पूर्वीचेच होते. व्यवस्था बदलली होती.

इथेनॉलचा हिशेबही असाच मांडावा लागेल. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. परकीय चलन वाचले, साखर कारखान्यांना आधार मिळाला, हे खरे. पण महाराष्ट्रात एकूण पिकांखालील जमिनीच्या चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे कृषी खर्च व मूल्य आयोगाने नमूद केले होते. ऊस-साखरेपासून एक लिटर इथेनॉल करण्यास किमान २८६० लिटर पाणी लागते, हा हिशेब खुद्द नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला. विदर्भातील कोरडवाहू कास्तकाराच्या कपाशीला एका संरक्षित पाण्याची वानवा असताना हे पाणी मोटारीच्या टाकीत जाते, ही गोष्ट ‘हरित’ या विशेषणाने झाकली जाणार नाही. रतनजोतीची आठवण तर याहून बोधप्रद आहे. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळण्याची स्वप्ने २००३ साली नियोजन मंडळाने रंगवली. त्यासाठी जी ‘पडीक’ जमीन धरली होती, तीत गरिबांच्या शेळ्या-मेंढ्यांची गायरानेही येत होती. डिझेल तर हाती आले नाहीच.

मग चुलीवरचा धूर हाच गरिबाचा धर्म म्हणावयाचा काय? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्या धुरात बसावे लागते ते बाईला आणि तिच्या पोराबाळांना. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने दहा कोटींहून अधिक घरांत गॅसची जोडणी नेली, याचे श्रेय नाकारणे कोतेपणाचे ठरेल. पण या घरांत वर्षाला सरासरी चार-साडेचार सिलिंडरच भरून घेतले जातात, ही सरकारचीच आकडेवारी आहे. उरलेले दिवस चूल पेटते ती पऱ्हाटीवर, तुराटीवर, गोवऱ्यांवर. सिलिंडर महाग आणि पऱ्हाटी वीजकेंद्राकडे रवाना, अशी स्थिती आली तर त्या बाईने जाळावे काय?

पऱ्हाटीचा उद्योग नको, असे यावरून कोणी समजू नये. वावरात पेटवलेली पऱ्हाटी हवा बिघडवते. गावात साठवलेल्या पऱ्हाटीतून गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात जाते. तिचा वेळीच भुगा होणे कास्तकाराच्या हिताचे आहे. प्रश्न आहे तो त्या गिरणीच्या मालकीचा. दलाल वावरातून मातीमोल भावाने माल उचलणार, कारखानदार अनुदान घेणार, आणि उपटणी-वेचणी करणाऱ्या मजूर बायांच्या वाट्याला पूर्वीचीच रोजी येणार असेल, तर तो उद्योग पर्यावरणाचा कितीही मित्र असला तरी मजुराचा नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ग्रामसभांत काही मागण्या निःसंदिग्ध शब्दांत मांडल्या पाहिजेत. पऱ्हाटीची खरेदी व प्रक्रिया महिलांच्या आणि शेतमजुरांच्या सहकारी संस्थांकडे प्रथम यावी आणि अनुदान त्यांनाच मिळावे. गावातील भूमिहीन घरांचा सरपणाचा वाटा आधी राखून मगच माल गावाबाहेर जावा. त्या घरांना वर्षभर पुरेल इतका गॅस त्यांच्या मजुरीला परवडेल अशा भावात मिळावा; तो मिळेल त्या दिवशी सरपणाचा राखीव वाटाही आनंदाने सोडता येईल. आणि कोणत्याही हरित प्रकल्पासाठी गायरानाला ग्रामसभेच्या संमतीवाचून हात लागू नये.

आपल्या चळवळीनेही येथे स्वतःकडे पाहावयास हवे. पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय, अशी समजूत आपल्यातील अनेकांनी दीर्घकाळ बाळगली. सरपणाचा भारा वाहणाऱ्या बाईला ती कधीच पटली नसती. येत्या उलंगवाडीला वावरांत पऱ्हाटीचे दलाल पोहोचतील. त्यांच्या आधी आपण पोहोचलो तरच या मागण्यांना काही अर्थ राहील.