मानमोडी आणि परसातली कोंबडी

कोंबडीची मान वाकडी झाली, ती गरगर फिरू लागली, हिरवट हगवण लागली की गावात ‘मानमोडी आली’ म्हणतात. हा रानीखेत रोग. विषाणूजन्य, त्यामुळे औषध नाही. हळद-लसणानेही गुण येत नाही. आजारी पक्षी वेगळा, उबेत ठेवून पाणी पाजावे, एवढेच हाती उरते. अंड्यांच्या पैशांवर मुलांच्या वह्या घेणारी बाई मग रडते, तर लोक म्हणतात, ‘कोंबडीच ती!’ लस आहे; पण एका कुपीत १०० किंवा अधिक मात्रा, आणि विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ती परवडावी कशी? वाडीने एक दिवस ठरवून सगळ्यांच्या कोंबड्यांना एकदम लस द्यावी. मेलेला पक्षी उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावा. एकाएकी अनेक मेल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६मध्ये नवापुरात बर्ड फ्लू निघाला होता.