साखळी धुणाऱ्या मुलाची आई

गेल्या पंधरवड्यात शेजारच्या चाळीतील एक मावशी आमच्याकडे आल्या. त्यांचा धाकटा मुलगा व्यापारी बोटीवर डेकच्या कामाला लागून सहा महिने झाले. मावशींचा चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, "कर्ज काढून ट्रेनिंग दिलं त्याला. आणि परवा फोनवर सांगतो, आई, आज सकाळपासून नांगराची साखळी धुतली, मग डेक धुतला. धुवायलाच शिकवलं का हो आम्ही पोराला?"

मावशींसारख्या अनेक आया आपल्या वस्त्यांतून आहेत. मुलगा बोटीवर गेला एवढेच त्यांना ठाऊक असते, तिथे तो काय करतो हे कोणी सांगत नाही. म्हणून मावशींना जे सांगितले, तेच आज आमच्या वाचक बंधु-भगिनींना सांगत आहोत.

बोट बंदराबाहेर थांबते तेव्हा तिला एकटा नांगर धरून ठेवतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मोठे काम साखळीचे असते. जड साखळी समुद्राच्या तळावर लांब पसरून पडते, म्हणून नांगरावरचा ओढा आडवा येतो आणि तो तळ धरून राहतो. ही साखळी 'शॅकल'मध्ये मोजतात. एक शॅकल म्हणजे २७.५ मीटर. दहा शॅकल साखळी म्हणजे २७५ मीटर झाली. मोठ्या जहाजाची तर एक कडीसुद्धा एका माणसाला उचलवत नाही.

आता आपल्या मुंबई बंदराचा तळ आहे चिखलाचा. नांगर चिखलात चांगला धरतो, परंतु वर येताना साखळी तोच चिखल अंगाला लावून येते. विंडलास यंत्राने साखळी हळूहळू ओढली जाते आणि तिच्यावर पाण्याचा जोरदार फवारा सोडतात. तरीही चिखल चिकटून राहिला तर खलाशी हातात पाइप घेऊन कडी न् कडी धुतो. हा चिखल धुतला नाही तर तो साखळीबरोबर खालच्या कोठीत जातो. या कोठीला 'चेन लॉकर' म्हणतात. तिथे तो कुजतो, घाण वास सुटतो, पाणी जायची वाट तुंबते आणि साखळी गंजत राहते.

धुणारा माणूस नुसता धूत नसतो. त्याचे डोळे साखळीवर असतात. शॅकलच्या जोडावर रंगाची खूण असते. किती साखळी वर आली, किती बाहेर आहे, हे ती खूण पाहून ओरडून सांगायचे. एखादी कडी झिजली आहे का, मधली दांडी हलते आहे का, हे चिखल निघाल्यावरच दिसते. वादळात कडी तुटली तर बोट खडकावर जाईल. ती कडी आधी कोणाला दिसायला पाहिजे? पाइप धरलेल्या पोरालाच!

डेकचेही तसेच. लाटांचे पाणी वाळले की मीठ राहते, ते रंग खाते आणि लोखंडाला गंज चढविते. तेलाचा एक थेंब राहिला तरी पाय घसरून माणूस जायबंदी होतो. बंदरात असताना डेकवरच्या पाणी जाण्याच्या भोकांना बुचे लावतात, कारण सांडलेले तेल समुद्रात जाता कामा नये. म्हणजे आधी तेल पुसून घ्यायचे, मग पाणी मारायचे. यालाही अक्कल लागते.

हे ऐकून मावशी जरा सावरल्या. पण खरी गोष्ट आम्हांला पुढेच सांगायची होती.

साखळी धुण्याच्या कामात धोका नाही असे समजू नये. साखळी धावत सुटते तेव्हा गंजाचे तुकडे आणि चिखल उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा, डोक्याला हेल्मेट पाहिजे आणि साखळीच्या सरळ रेषेत उभे राहू नये. परंतु सर्वांत मोठा धोका दिसत नाही, तो खालच्या कोठीत असतो. लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू ओढून घेते. चांगल्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. बंद कोठीत तो कमी कमी होत जातो. वास येत नाही, गुदमरल्यासारखेही वाटत नाही. माणूस आत उतरतो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो.

सप्टेंबर २००७ मध्ये इंग्लंडजवळच्या उत्तर समुद्रात 'वायकिंग आयला' नावाच्या बोटीवर हेच घडले. साखळीचा आवाज होत होता म्हणून ती बांधायला एक खलाशी कोठीत उतरला आणि पडला. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही पडला. त्यांना वाचवायला तिसरा गेला. तिघेही गेले. आणि ही बोट दुसऱ्यांना वाचविण्यासाठीच ठेवलेली होती!

हे वाचून आमच्या वाचकांना काय आठवले असेल ते आम्ही जाणतो. गटारात एक उतरतो, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. २०१३ च्या कायद्याने माणसाला साधनांशिवाय गटारात उतरविणे गुन्हा ठरले, तरी अशा बातम्या थांबलेल्या नाहीत. मासेमारी बोटीच्या खणात मासे कुजले तरी असाच विषारी वायू साठतो. जागा वेगळ्या असल्या तरी मरण एकच आहे. आणि माया असणाराच आधी धावतो, म्हणून तोच मरतो.

बोटीवर यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. २०१५ पासून बंद जागेत शिरण्याची आणि तिथून माणूस काढण्याची कवायत दर दोन महिन्यांनी करावी लागते. जुलै २०१६ पासून हवा मोजण्याचे यंत्र बोटीवर ठेवणे बंधनकारक आहे. परंतु नियम कागदावर राहतो की डेकवर येतो, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून ज्यांची मुले बोटीवर आहेत त्या आईबापांनी "जेवलास का?" एवढेच विचारून फोन ठेवू नये. आणखी तीन प्रश्न विचारावेत. कोठीत उतरण्यापूर्वी यंत्राने हवा मोजतात का? लेखी परवानगी देतात का? बाहेर दारावर माणूस उभा असतो का? आणि बजावून सांगावे की, सोबती आत पडलेला दिसला तर उडी घेऊ नकोस, आधी हाक मार, माणसे आणि श्वासाचे उपकरण येऊ दे.

परवा मावशी पुन्हा भेटल्या. त्यांनी तिन्ही प्रश्न विचारले होते. पोरगा क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "आई, हे तुला कोणी सांगितलं?" मावशींनी उत्तर दिले, "ते राहू दे. तू आधी उत्तर दे."