छीपा म्हणजे शिंपी नव्हे

अनुवादकाला सर्वांत सोपा वाटणारा शब्द पुष्कळदा सर्वांत फसवा निघतो. ‘छीपा’ हा असाच एक शब्द. जयपूरच्या दक्षिणेस सांगानेर येथे आणि अजमेरच्या वाटेवरील बगरू येथे लाकडी ठशांनी कापड छापणारा कारागीर तो छीपा. मराठीत या शब्दासमोर ‘शिंपी’ किंवा ‘रंगारी’ लिहून मोकळे होण्याचा मोह सहज होतो. तो मोह आवरला पाहिजे.

या गफलतीचे मूळ नामदेवांपाशी आहे. महाराष्ट्राला नामदेव ठाऊक आहेत ते शिंपी म्हणून. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि तेथे त्यांच्या कुळासाठी येणारा शब्द आहे ‘छीपा’. बगरूच्या छापकारांतही ‘नामदेव छीपा’ म्हणवणारी घराणी आहेत. एका संताच्या नावाशी दोन शब्द जोडले गेले, एवढ्यावरून ते शब्द एकार्थी ठरत नाहीत. शिंपी कापलेले कापड सुईने सांधतो; छीपा अखंड कापडावर ठसा उठवतो. २०१५ साली पंजाबातील घुमान येथे साहित्य संमेलन भरवून नामदेवांचे नाते मिरवणाऱ्या भाषेला एवढा भेद तरी पारखता यावा.

‘रंगारी’ हा प्रतिशब्दही पुरा पडत नाही. जयपूरच्या परिसरात कापड रंगवणारा रंगरेज वेगळा, निळीच्या कुंडाचा धनी नीलगर वेगळा. मराठीतला आजचा रंगारी तर बहुधा भिंती रंगवतो. छीप्याचे ज्ञान निराळे आहे. बगरूचे कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यातून काढतात. मग गूळ आणि जुने लोखंड कुजवून केलेल्या द्रावणाचा ठसा त्यावर काळा उमटतो. तुरटीच्या खळीचा ठसा रंगाच्या उकळत्या पाण्यात पडल्यावर लाल होतो. चिखल, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचे पीठ यांच्या ‘दाबू’ने झाकलेली जागा निळीत बुडवूनही कोरी राहते. ‘रेख’ आकृतीची कड उठवते, ‘गद’ जमीन भरतो, ‘दत्ता’ आतले रंग भरतो. पुढे कोणता रंग उमलणार हे ठसा टेकवण्यापूर्वीच जाणणाऱ्या माणसाला नुसते रंगारी म्हणणे म्हणजे वैद्याला पुड्या बांधणारा म्हणण्यासारखे आहे.

जयपूर दरबाराच्या कारखान्यांत ‘रंगखाना’ आणि ‘छापाखाना’ अशी दोन नावे आढळतात. मराठी वाचकाला छापखाना म्हटले की कागद आणि खिळे आठवतात. जयपुरात त्या शब्दाने कापडाचा छाप सुचवला. ‘छाप’ हे पद ज्या भाषेला कापडापासून पुस्तकापर्यंत पुरते, तिला ‘छीपा’ परका वाटण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे: धंद्याची नावे जातीची नावे झाली, त्यांच्यासोबत उच्चनीचता चिकटली, मग ती जपायची कशाला? हे नाव टाकून देण्याचा हक्क ज्यांना ते सोसावे लागले त्यांचा निःसंशय आहे. परंतु छीपा हिंदू आहेत तसे मुसलमानही आहेत. हा शब्द एका जातीच्या कुंपणात मावत नाही. शिवाय कोशकाराने शब्द बोथट केल्याने विषमता रतिभरही कमी होत नाही. कमी होते ती कसबाची ओळख.

बाजाराने ही ओळख आधीच पुसत आणली आहे. सांगानेरी आणि बगरू या दोन्ही छपाया भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंदल्या गेल्या. १९९९ च्या त्या कायद्यात अधिकृत वापरकर्त्यांच्या नोंदीची सोय आहे, हे मान्य. तरी दुकानातल्या चिठ्ठीवर झळकते ते गावाचे नाव, कारागिराचे नव्हे; आणि सांगानेरातच जाळीच्या चौकटीने झपाट्याने छापलेला कपडाही ‘सांगानेरी’ म्हणूनच खपतो. गाव विशेषण झाले आणि कर्ता वाक्यातून गळाला.

बाजाराकडून अधिक अपेक्षा कोणी करू नये; वाङ्मयाकडून करावी. मराठीने साळी, कोष्टी, भावसार, शिंपी हे शब्द वेगळे राखले, कारण त्यांमागची कामे वेगळी होती. त्याच पंक्तीत ‘छीपा’ला त्याच्याच नावाने बसवावे. पहिल्या उल्लेखापाशी एक ओळ अर्थाची द्यावी आणि पुढे शब्द तसाच चालू द्यावा. कारागिराला त्याच्या नावाने हाक मारण्यासाठी अनुवादकाला मोजावी लागणारी किंमत इतकीच आहे.