'त्यात पैसा आहे का?' हा प्रश्न अर्धाच आहे

ए-लेव्हलचे विषय निवडायची वेळ आली की ग्रुपवर हमखास विचारणा होते, "मुलगा म्युझिक घ्यायचं म्हणतोय, त्यात पैसा आहे का हो?" पैसा आहे. तो कोणाच्या खात्यात जातो, हे मात्र कोणी विचारत नाही.

बॉनी रेट घ्या. ब्लूज आणि रॉक गाणारी, स्वतः गाणी लिहिणारी, स्लाइड गिटार वाजवणारी अमेरिकन बाई. १९६७ला हार्वर्डच्या रॅडक्लिफ कॉलेजात गेली आणि शिक्षण अर्धवट सोडून गाण्याकडे वळली. (आली ना पोटात कळ?) १९७१ला पहिला अल्बम. पुढे कौतुक भरपूर, खप बेताचा. १९८३ला वॉर्नर ब्रदर्सने तिला करारातून काढून टाकलं, तेव्हा ती ३३ वर्षांची. आपण तिचे काका-मामा असतो तर "सांगत होतो ना" म्हणून मोकळे झालो असतो. दारूचं व्यसन होतं, तेही तिने सोडलं. १९८९ला दुसऱ्या कंपनीकडून 'निक ऑफ टाइम' आला, लाखोंनी खपला आणि पुढच्या वर्षी अल्बम ऑफ द इयरचा ग्रॅमी मिळाला.

बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. चिकाटी वगैरे. माझा जीव मात्र रूथ ब्राउनच्या हिशेबात अडकतो. १९५०च्या दशकात अटलांटिक रेकॉर्ड्सला हिने मोठं केलं, आणि पुढे पोटासाठी लोकांकडे घरकाम केलं! कारण साधं आहे. कंपनी आगाऊ पैसे देते, रेकॉर्डिंगचा खर्चही कलाकाराच्या नावे टाकते आणि तो वसूल होईपर्यंत रॉयल्टी शून्य. रेकॉर्ड विकली जाते, कंपनी कमावते, गायिका मात्र कागदावर देणेकरीच. वही कंपनीची, बेरीजही कंपनीचीच. आमच्या धंद्यात याला ऑडिट म्हणत नाहीत.

रूथबाई वकील घेऊन वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे अटलांटिकने जुन्या कलाकारांची खाती पुन्हा मांडली. त्यातूनच १९८८ला अशा कलाकारांना मदत करणारी 'ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन' उभी राहिली, आणि ती उभारणाऱ्यांत बॉनी होती. जिच्याकडून कला घेतली त्या पिढीचं देणं तिने ओळखलं, याचं मला ग्रॅमीपेक्षा जास्त कौतुक आहे. पुढे तिने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. २०१२चा 'स्लिपस्ट्रीम' तिथलाच, त्यालाही ग्रॅमी. २०२३ला, वयाच्या ७३व्या वर्षी, साँग ऑफ द इयर. गाणं एकटीने लिहिलेलं.

आमच्या कन्येने म्युझिक घेतलंय, सोबत मॅथ्स. अट एकच: कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो माझ्या टेबलावर यायचा, मग तो शाळेतल्या बँडचा का असेना. नवरा म्हणतो, "तू तिलाही फी लावशील." लावेन की.