आवाज मोठा, गाणं लहान

गाणं किती मोठ्या आवाजात ऐकायचं, हे ऐकणाऱ्यानं ठरवावं. त्यासाठीच रेडिओला आणि मोबाईलला आवाजाचं बटण दिलेलं असतं. पण गेल्या तीसेक वर्षांत हा अधिकार संगीत कंपन्यांनी हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

गाण्यातले सगळे आवाज एकत्र जुळवून झाले की रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवतात. याला मास्टरिंग म्हणतात. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये आवाजाला एक कमाल मर्यादा असते. तिच्यापुढे आवाज वाढत नाही, फाटतो. मग आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं कसं करायचं? ढोलकीची थाप, ड्रमचा ठोका अशी उंच टोकं लिमिटर लावून दाबायची आणि सगळं गाणं वर उचलायचं. टोक मर्यादेपाशीच राहतं, पण हळू भागही त्याच्या शेजारी येऊन बसतो. थाप थाप राहत नाही. काही विद्यार्थी पुस्तकातली प्रत्येक ओळ अधोरेखित करतात. मग महत्त्वाची ओळ कोणती, हे त्यांनाच सापडत नाही. तसंच हे.

कंपन्या असं का करतात? कारण आपला कान फसतो. तेच गाणं जरा मोठ्या आवाजात वाजवलं तर ते जास्त चांगलं वाटतं. हळू आवाजात खर्जाचे स्वर कानाला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. ज्यूकबॉक्सच्या काळातही आपली तबकडी इतरांपेक्षा मोठी वाजावी, अशी कंपन्यांची धडपड असे. पण तबकडीवर आवाज फार वाढवला तर खाच रुंद होई, गाण्याला जागा कमी पडे आणि सुई उडे. सीडी आल्यावर हा अडथळा गेला. सीडीत सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. एवढी मोकळी जागा मिळाली, आणि नव्वदच्या दशकात डिजिटल लिमिटर हाती येताच सगळे वरच्या टोकाला गर्दी करून बसले.

२००८ मध्ये मेटॅलिका या अमेरिकन बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला. त्यातली गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्येही होती आणि तिथं ती इतकी दाबलेली नव्हती. चाहत्यांनी दोन्ही ऐकून पाहिली. विकत घेतलेल्या सीडीपेक्षा खेळातलं गाणं स्वच्छ निघालं! अल्बम पुन्हा नीट करून द्या, म्हणून हजारो लोकांनी अर्जावर सह्या केल्या. म्हणजे हा फरक फक्त तज्ज्ञांनाच कळतो, असं नाही.

यावर एक उत्तर दिलं जातं: लोक बसमध्ये, रस्त्यावर गाणी ऐकतात, हळू भाग त्यांना ऐकूच येत नाही. मुद्दा खरा आहे. पण आवाज दाबण्याचं काम मोबाईलही करू शकतो, ज्याला गरज असेल त्याच्यापुरतं. मूळ रेकॉर्डिंगच दाबून विकलं तर घरी शांतपणे ऐकणाऱ्याला गेलेला चढउतार परत आणता येत नाही. एका रस्त्यावरून मागे फिरता येतं, दुसऱ्यावरून नाही. मग कोणता निवडावा?

मुशायऱ्यात मुरलेला शायर पहिला मिसरा हळू म्हणतो, क्षणभर थांबतो आणि दुसऱ्या मिसऱ्यावर आवाज उचलतो. दाद त्या फरकाला मिळते. दोन्ही मिसरे ओरडून म्हटले तर शेर तोच राहील, असर उरणार नाही.

गंमत म्हणजे आता या शर्यतीत बक्षीसही राहिलेलं नाही. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण एका पातळीवर, उणे १४ एलयूएफएसच्या आसपास, आणून वाजवतं. यूट्यूबही फार मोठं गाणं खाली ओढतं. दाबून मोठं केलेलं गाणं तिथं इतरांइतकंच वाजतं, फक्त सपाट होऊन. तरीही सवय सुटत नाही, कारण आपलंच गाणं लहान वाटेल ही भीती अजून गेलेली नाही.

ती भीती ऐकणारेच घालवू शकतात. जुन्या गाण्याची 'रीमास्टर्ड' आवृत्ती मिळाली तर ती मूळ आवृत्तीशेजारी ठेवून, दोन्हींचा आवाज सारखा करून ऐका. नवी चांगली असेल तर जरूर घ्या. नुसतीच मोठी असेल, तर तेवढं काम आपलं बटणही करतं.