भिंतीवरचा फार्मासिस्ट

मार्गासनीच्या पुढे, वेल्हे तालुक्यातल्या एका वस्तीवरून (तालुक्याचे नाव २०२५ साली राजगड झाले, एसटीत बसणारी माणसे अजून वेल्हेच म्हणतात) एक तरुण आपल्या आजीला घेऊन आमच्याकडे भोरला आला. आजीचे गुडघे दुखत. भातलावणी झाली की दरवर्षी दुखत. बाजारच्या दिवशी मेडिकलवाल्याने कागदाच्या पुडीत पांढऱ्या बारीक गोळ्या बांधून दिल्या. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. आजी चालू लागली, चार घास जास्त खाऊ लागली. सात-आठ महिने पुडी येत राहिली. मग तोंड सुजले, साखर वाढली. एकदा पावसात रस्ता बंद झाला, चार दिवस पुडी मिळाली नाही आणि आजी अंथरुणातून उठेना. पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितले, गोळ्या बहुधा स्टेरॉइडच्या असाव्यात. त्या महिनोन्महिने घेतल्या की शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे सोडून देते, आणि अचानक बंद केल्या तर जिवावर बेतते. आजी वाचली, एवढेच.

"वकीलसाहेब, केस करा," नातू म्हणाला. आम्ही विचारले, बिल आहे? नाही. गोळ्यांचे पाकीट? नाही. गोळीचे नाव? "पांढरी गोळी." आता ग्राहक आयोगापुढे आम्ही काय ठेवायचे? दुकानदार एका वाक्यात मोकळा होतो, हे गिऱ्हाईक माझे नव्हेच.

कायदा नाही म्हणून हे घडते काय? कायदा भरपूर आहे. १९४८ च्या फार्मसी ॲक्टचे कलम ४२ सांगते की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी द्यायचे नाही. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ सांगतो की असे औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच गेले पाहिजे. स्टेरॉइडच्या गोळ्या शेड्यूल एच मध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्रीच नाही. बिलावर दुकानाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, तारीख, औषधाचे नाव व संख्या पाहिजे. चिठ्ठीवर दिलेल्या औषधाच्या नोंदीत कंपनी, बॅच नंबर आणि मुदतही पाहिजे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी तर फार्मासिस्टला पांढरा कोट आणि नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला सक्तीचा केला. भोर-वेल्ह्याच्या वाचकांनी आठवून पाहावे, असा बिल्ला आपण किती दुकानांत पाहिला?

बिलाला आपली माणसे फालतू कागद समजतात. त्या कागदाची किंमत २०२५ च्या ऑक्टोबरात कळली. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे कोल्ड्रिफ नावाचे खोकल्याचे औषध पिऊन वीसहून अधिक लेकरे मेली. औषधात डायइथिलिन ग्लायकॉल हे विष निघाले, तेही थोडेथोडके नाही, ४८.६ टक्के. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही एसआर-१३ या बॅचचे औषध वापरू नका, विकू नका असे जाहीर केले. ठीक. पण अर्धी बाटली पाजून रिकामी बाटली नदीत टाकणाऱ्या आईने बॅच कुठे पाहावा? दुकानदाराने ती कोणाकोणाला विकली हे बिलबुकातूनच कळणार, आणि बिलबुक कोरे.

हेच विष आपल्या मुंबईने १९८६ साली पाहिले आहे. जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून परवान्यापर्यंतची सगळी घाण चव्हाट्यावर आणली. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते म्हणून आपली माणसे तिथे जातात, पण तिथलेही औषध खरे असेल याची खात्री नाही. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून तपासायला नेलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत ते औषधच नव्हते. पुढे पोलिसांच्या तपासात टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या गोळ्यांची साखळी हरिद्वारपर्यंत पोहोचली. जखम चिघळलेल्या मजुराला पावडर खाऊ घालणाऱ्यांना आम्ही भेसळखोर म्हणणार नाही, दुसरा शब्द वापरू. तो या पानावर छापता येणार नाही.

कायदा राबवता येतो, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०११ ते २०१४ या काळात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. कायदा तोच, मनुष्यबळ तेच. त्यांनी दोनच गोष्टी धरल्या, दुकानात फार्मासिस्ट हजर पाहिजे आणि बिल पाहिजे. परवाने निलंबित होऊ लागले तशी विक्रेत्यांच्या संघटनांनी बंदची हाक दिली. शेवटी झगडे यांची बदली झाली. आज याच संघटना ऑनलाइन औषधविक्रीला विरोध करताना सांगतात की फार्मासिस्टशिवाय औषध देणे रुग्णाला घातक आहे. बरोबर आहे त्यांचे. हेच आपल्या गल्ल्याकडे पाहूनही म्हणावे.

आता आमच्या घरची गोष्ट, जी लिहायला हात जड होतो आहे. आजीच्या नातवाबरोबर आम्ही त्या दुकानात गेलो. गल्ल्यावर दहावी झालेला पोरगा होता. भिंतीवर फ्रेममध्ये फार्मासिस्टचे प्रमाणपत्र होते. नाव वाचले आणि खाली बसलो. मुलगा आमच्या विहारातला. बारावी सायन्स, दोन वर्षे डी. फार्म., पाचशे तासांचे प्रशिक्षण, सगळे शिष्यवृत्तीवर. ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हा. आता तो शिरवळला कंपनीत शिफ्ट करतो आणि प्रमाणपत्र महिन्याला काही हजारांवर भिंतीला टांगलेले.

त्याला बोलावले. तो म्हणाला, "सर, जयभीम. सगळेच देतात. मी दुकानात बसलो तर मालक आठ हजारच देणार, घर कसं चालवू?" या प्रश्नाला आमच्याकडे सोपे उत्तर नाही. आठ हजारांत फार्मासिस्ट नेमू पाहणारा मालक दोषी आहे, आणि कॉलेजांचे पीक येऊ देऊन नोकरीची सोय न पाहणारे शासनही. पण आजीचे तोंड सुजत होते तेव्हा त्या दुकानात कायद्याने कोण उभे होते? हाच.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची १९२९ सालची हकिकत दिली आहे. बाळंत झालेल्या त्याच्या बायकोला पाहायला डॉक्टर वस्तीत शिरला नाही. थर्मामीटर दुसऱ्याच्या हातून दिला, औषध मागाहून पाठवले. बाई गेली. आज मेडिकलवाला जात विचारत नाही. काय होते आहे, हेही विचारत नाही. पुडी पुढे सरकवतो. विचारायला ज्याला शिकवले तो आपलाच मुलगा शिरवळला आहे.

विहारातली ज्येष्ठ मंडळी म्हणाली, आपल्या पोराचे वाटोळे करू नका. फार्मसी ॲक्टच्या कलम ३६ खाली नाव नोंदवहीतून जाऊ शकते, त्यांची भीती खोटी नाही. आम्ही त्याला महिना दिला, दुकानात बस नाहीतर प्रमाणपत्र काढून आण. त्याने काढून आणले. आठ दिवसांत तिथे दुसरी फ्रेम लागली. तेव्हा मात्र आम्ही दुकानाविरुद्ध लेखी तक्रार दिली, आणि तीत आमच्या मुलाचे नाव व किती महिने प्रमाणपत्र टांगले होते तेही लिहिले. काही जण आता आमच्याशी बोलत नाहीत.

दुकानदारांची एक अडचण खरी आहे. दुर्गम गावात फार्मासिस्ट मिळत नाही. कायद्यालाही ते माहीत आहे. म्हणून हजारापर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, बाम अशा घरगुती औषधांना विक्रीच्या परवान्यातून सूट आहे. पण ती सूट स्टेरॉइड आणि अँटिबायोटिकला नाही.

भोर-वेल्ह्यातल्या बांधवांनी यापुढे औषध घेताना बिल मागावे, दहा रुपयांच्या गोळीचेही. दिले नाही तर दुकानाचे नाव, परवाना क्रमांक, तारीख, वेळ आणि भिंतीवरच्या फ्रेममधले नाव लिहून घ्यावे. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे. लेखी तक्रार करायची असेल तर रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही भोरच्या विहारात बसतो, अर्ज तिथेच लिहून देऊ. फ्रेममधले नाव ओळखीचे निघाले तरी घेऊन या.