नातवंडे निघाली आउटबॅकला

मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात आहे, अशी घरे आता आपल्याकडच्या लहान गावांतही आढळतात. नातवंडांच्या ओढीने आजी-आजोबा तिकडे जाऊन तीन-चार महिने राहून येतात. अशा घरांतून अधूनमधून एक प्रश्न येतो. "डॉक्टर, मुले कॅरॅव्हॅन घेऊन आउटबॅकमध्ये जायचे म्हणतात. बरोबर दोन वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू. जाऊ द्यावे का?"

कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर. झोपायला पलंग, छोटासा ओटा, पाण्याची टाकी असे सारे त्यात असते. आउटबॅक म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आतला कोरडा, विरळ वस्तीचा, अफाट मुलूख. अ‍ॅडलेडहून डार्विनला रस्त्याने जायचे तर सुमारे ३,००० किलोमीटर होतात. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हे गाव साधारण निम्म्या वाटेवर लागते. उलुरु हा प्रसिद्ध तांबडा खडक त्याच्या 'जवळ' आहे असे म्हणतात. पण हे जवळ म्हणजे साडेचारशे किलोमीटर, आपल्या मुंबई-कोल्हापूरपेक्षाही जास्त!

माझे मत विचाराल तर जाऊ द्यावे. आई-वडील दिवसभर सोबत, मोकळे रान, रात्री चांदण्यांनी भरलेले आकाश. हे मुलांच्या मनाला आणि शरीराला चांगलेच आहे. मात्र एक अट आहे. हा प्रवास मोठ्यांच्या नकाशाप्रमाणे नव्हे, तर लहानांच्या घड्याळाप्रमाणे आखलेला असावा.

आजी-आजोबांना भीती वाटते ती साप, मगरी आणि विषारी कोळ्यांची. सावधगिरी त्यांच्याबाबतही हवीच. पण लहान मुलांना खरा धोका ऊन, तहान आणि रस्ता यांचा असतो, आणि या तिन्हींना बळ देते ती घाई. आज सातशे किलोमीटर कापायचेच असे ठरले, की थांबे कमी होतात. थांबावे लागू नये म्हणून मुलांना पाणी बेताने पाजले जाते. चालक दमतो आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत अंधारून येते. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर उतरतात. अपघाताची वेळ नेमकी तीच. म्हणून दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबावे आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावा. पाच वर्षांखालील मूल बरोबर असेल तर दिवसाला तीन-चार तासांहून अधिक गाडी चालवू नये, असे मी सांगेन.

ऋतूचा विचार आधी करावा. तिकडचे ऋतू आपल्या उलटे. शाळांची मोठी सुटी डिसेंबर-जानेवारीत असते आणि तोच मध्य भागातला कडक उन्हाळा. पारा अनेकदा ४० अंशांवर जातो. उत्तरेकडे त्या दिवसांत पावसाने रस्ते बंद पडतात. मे ते ऑगस्ट हा काळ चांगला. मात्र तेव्हा वाळवंटातल्या रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, म्हणून मुलांच्या गरम कपड्यांची सोय हवी. ऊब यावी म्हणून बंद कॅरॅव्हॅनमध्ये गॅसची शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतू शकते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास.

पाण्याच्या बाबतीत काटकसर नको. तिथले जाणकार माणशी दिवसाला १० लिटरपर्यंत पाणी धरायला सांगतात. ते एकाच टाकीत न ठेवता वेगवेगळ्या डब्यांत ठेवावे, म्हणजे एक फुटला तरी दुसरा असतो. मूल मागेल तेव्हा पाणी देऊ, असे म्हणून चालत नाही. खेळात रमलेले मूल पाणी मागतच नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला वरचे पाणी नको, आईचे दूध अधिक वेळा पाजावे. सहा तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडे, मूल मलूल, ही शरीरातले पाणी कमी झाल्याची लक्षणे. लगेच जलसंजीवनी सुरू करावी. तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा.

अंग भाजल्यासारखे तापले, मूल असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. येथे तापाचे औषध उपयोगी पडत नाही. सावलीत न्यावे, कपडे काढावेत, अंग पाण्याने ओले करून वारा घालावा आणि तातडीने मदत मागवावी. उभ्या गाडीत मुलाला एकटे ठेवणे तर पाच मिनिटांसाठीही नको. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचे शरीर तीन ते पाच पट वेगाने तापते, आणि काच थोडी खाली केल्याने फारसा फरक पडत नाही.

आता थोडे आजी-आजोबांविषयी, कारण तेही पुष्कळदा या प्रवासात असतात. नात रडू लागली की आजी म्हणते, "काढ गं तिला त्या पट्ट्यातून, माझ्या मांडीवर दे." ही माया घातक आहे. अचानक धडक बसली तर दहा किलोचे बाळ त्या क्षणी कित्येक पट जड होते. कोणाच्याही हातांना ते धरवत नाही. मोटारीत पट्टा बांधण्याची सक्ती जगात प्रथम ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली केली. तेथे सात वर्षांखालील मुलांना त्यांच्या वयाची खास खुर्ची लागते आणि चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कोणालाही बसता येत नाही. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालखुर्ची नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. पण तो नियम आपण किती पाळतो? मूल रडले तर गाडी थांबवावी, त्याला उतरवावे, फिरवावे. चालत्या गाडीत पट्टा सोडू नये.

दवाखाना कित्येक तासांवर असतो, त्याचे काय? यावर तिथल्या लोकांनी फार पूर्वी उपाय काढला. जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून १९२८ साली क्लॉनकरी येथून विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू झाली. तीच आजची रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस. दूरच्या वस्त्यांवर या सेवेच्या औषधपेट्या असतात आणि प्रत्येक औषधाला क्रमांक असतो. डॉक्टर दुरूनच सांगतात, अमुक क्रमांकाचे औषध इतके द्या. किती साधी आणि शहाणपणाची युक्ती! आपणही घरची पेटी अशीच करावी. तापमापक, पॅरासिटॅमॉल, जलसंजीवनीच्या पुड्या, मलमपट्टी, नेहमीची औषधे ठेवावीत. मुलाचे वजन आणि त्यानुसार डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा झाकणावर चिकटवावी. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

मोबाइल अनेक ठिकाणी चालत नाही. उपग्रहाद्वारे संदेश देणारे साधन जवळ ठेवावे आणि रोजचा मुक्काम कोणाला तरी कळवून निघावे. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत जाऊ नये. गाडीजवळ सावली असते, पाणी असते आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

तेव्हा आजी-आजोबांनी मोडता घालू नये. प्रश्न मात्र जरूर विचारावेत. "आज किती किलोमीटर झाले?" असे फोनवर विचारू नका. त्याने मुलांना उगाच घाई होते. "आज किती वेळा थांबलात? पाणी किती शिल्लक आहे? नातीला लघवी किती वेळा झाली?" असे विचारा. उत्तर पटकन आले, तर निश्चिंत झोपावे.